एका दाराला एक घास

नायगावच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे दोन वर्षांचं पोर कडेवर घेतलेली एक बाई उभी होती. मागून एक म्हातारी आली नि तिच्या गालाला हात लावून थांबली.

“सुरुची ना गं तू? चाळ पाडल्यापासून दिसलीच नाहीस. आणि हा एवढा वाळलेला कसा?”

“काही खातच नाही हो, इंदूमावशी. भाजी दिसली की तोंड गच्च मिटतो.”

“तू काय कमी होतीस? तुझी आई वाटी घेऊन गॅलरीत निघायची. एका दाराला एक घास. घरी लाल भोपळा थुंकायचीस, आणि माझ्या दारात बसून तोच मिटक्या मारत खायचीस.”

“तेच करून बघितलं ना परवा. वाटी घेतली, ह्याला घेतलं, आमच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. सगळी दारं बंद.”

“मग बेल वाजवायची!”

“वाजवली की. शेजारच्या बाईंनी दार जरासं उघडलं आणि विचारलं, ‘कोण पाहिजे?’”

“मग गं?”

“तोंडातून निघून गेलं, ‘इंदूमावशी राहतात का इथे?’”