गढूळ पाण्यातलं रेग्युलेटर

(१९८३ चा मे महिना. नागपुरातलं धरणाच्या कामाचं एक सरकारी गोदाम. टेबलाशी कनिष्ठ अभियंता चारुशीला आणि खात्याचा पाणबुड्या रुपराव. टेबलावर दोन बनावटींची रेग्युलेटरं, म्हणजे पाण्याखाली टाकीतली हवा तोंडात देणारी यंत्रं; त्यातलं एक खात्यानं घ्यायचं आहे. त्याचा जुना जोडीदार भैयाजी मागच्या वर्षीच्या अपघातानंतर हे गोदाम सांभाळतो. तो मागे कपाटापाशी आहे. दारात गाळाच्या पाण्यानं भरलेलं पिंप.)

चारुशीला : म्हणजे पहिल्या नंबरचं घेऊन तुम्ही उतरणारच नाही?

रुपराव : नाही उतरत, मॅडम. साहेबाले म्हणा, माही बदली करा. पण ते तोंडात धरून मी धरणाच्या दरवाज्यापाशी जाणार नाही.

चारुशीला : नौदलात दहा वर्षं तुम्ही याच जातीचं वापरलंत. साहेब तेच धरून बसलेत. रचना साधी, सुटे भाग कमी, बिघडलं तर कोणीही खोलून जोडेल. पाच वाजता खरेदीचं पत्र टाइपाला जायचंय. त्यात पहिल्याचं नाव आधीच घातलंय, फक्त माझी सही राहिलीय.

रुपराव : साहेब खोटं नाही बोलत. समुद्रात त्यानं मले एकदाही दगा नाही दिला. पण कोचीनहून आम्ही दूर जायचो, तिथलं पाणी आरशावाणी. वर आलं का गोड्या पाण्यात धुवायचं, झालं. आता हे भोकं पाहा. इथून पाणी आत स्प्रिंगपर्यंत जाते. पाण्यासंगं गाळही जाते. आतला दट्ट्या अडकला का हवा बंद.

चारुशीला : आणि दुसऱ्यात?

रुपराव : त्याच्या तोंडावर रबरी पडदा आहे. पाणी पडद्याले बाहेरून दाबते, आत घुसत नाही. टाकीतली हवा उतरत आली तरी दम तेवढाच सहज येते. पहिल्यात खोलावर ओढून ओढून छाती दुखते. आता दुसऱ्याचे भाग जास्त आहेत, वर्षातून एकदा नीट खोलावं लागते, ते मी नाकारत नाही. बर्फाच्या पाण्यातही चालते म्हणून त्याच्या कागदावर छापलं आहे. ते आपल्या काय कामाचं? आपल्याले गाळ अन् खोली, दोनच पाहायचे.

चारुशीला : गाळाचं मीही पाहिलं. सकाळी अंबाझरी तलावाचा गाळ पिंपात ढवळून दोन्ही बुडवली आणि स्वतः श्वास ओढून पाहिला. पहिलं वीस मिनिटांत जड झालं, करकरायला लागलं. दुसऱ्याला काही झालं नाही. साहेबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पिंप म्हणजे धरण नव्हे. आणि मागच्या वर्षीच्या अपघाताची फाइल माझ्यापुढे सरकवली. त्यात भैयाजींचा जबाब आहे. कान दुखला म्हणून मी घाबरलो, रेग्युलेटर व्यवस्थित चालू होतं. ते या पहिल्याच बनावटीचं होतं, रुपरावजी. त्या कागदापुढे माझं पिंप टिकत नाही.

रुपराव : भैयाजी पहिल्यापासून तसंच सांगतात. मी वादात पडलो नाही.

चारुशीला : पण तुम्ही सोबत होतात. काय झालं होतं?

रुपराव : नव्वद फुटांवर होतो आम्ही, खालच्या दरवाज्याची फट चाचपून राहिलो होतो. डोळ्यापुढे धरलेला हात दिसत नव्हता. दोघं एकाच दोरीले बांधलेले. एकाएकी दोरीले झटके आले. मी जवळ सरकलो, माही नळी काढून त्यांच्या तोंडात दिली अन् आम्ही वर आलो. घाईनं वर आलो म्हणून त्यांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. एवढंच.

भैयाजी : एवढंच नाही.

रुपराव : तुम्हाले तिथून ऐकू येऊन राहिलं?

भैयाजी : उजवा कान शाबूत आहे माहा. बाईसाहेब, यानं नळी दिली नाही. मी हिसकली. दोन दम घ्यायचे अन् जोडीदाराले परत द्यायची, हे नव्या लोकाइले मीच शिकवत होतो. यानं मागायले हात पुढे केला, तो मी झटकला. दोनदा झटकला. मग हा तसाच, माहा पट्टा धरून, मले घेऊन वर आला.

चारुशीला : मग जबाब असा का दिलात?

भैयाजी : हवा बंद झाली म्हणतो तर पुढचा सवाल येणार होता, मग तुम्ही वर कसे आले. अन् ते रेग्युलेटर आदल्या दिवशी मीच खोलून धुतलं होतं. वाटलं, दोष माह्यावर येईन. कान दुखला म्हणणं सोपं होतं, कान तर खरंच फाटला होता. हा चूप राहिला. मले वाटलं, मिटलं. आता त्याच कागदाच्या भरवशावर हे घेऊन राहिले, अन् सोमवारी पुन्हा तोच दरवाजा आहे.

रुपराव : तुम्ही नोका पडू याच्यात. मी उतरत नाही म्हटलं, संपलं.

भैयाजी : तू नाही उतरला तर ते दुसऱ्या कोणाले उतरवतीन. त्याले काय माहीत?

चारुशीला : भैयाजी, जबाब बदलला तर चौकशी लागेल. पहिला खोटा का दिला, हे विचारतील. अपघातामुळं हे बसून करायचं काम मिळालंय, तेही जाईल कदाचित.

भैयाजी : दुपारी डबा घेऊन माही बायको रुखमा आली होती, तिले सगळं सांगतलं. ती म्हणे, वर्षभर तुम्ही झोपेत हात झटकता, मले वाटे कान ठणकत असन. कागद काढा, बाईसाहेब.

चारुशीला : काढला. सांगा.

भैयाजी : लिहा, नव्वद फुटांवर रेग्युलेटरमधून हवा येणं बंद झालं. दोनदा ओढलं, आली नाही. काठावर आल्यावर खोललं तर दट्ट्याले गाळ चिकटला होता. तो मी कोणाले न दाखवता धुऊन टाकला.

चारुशीला : लिहिलं. खाली माझी शिफारस जोडते. दुसऱ्या नंबरचं घ्यावं, आणि एक नाही, दोन. दोघं उतरतात तर दोघांनाही तेच हवं. ते येईपर्यंत सोमवारचं उतरणं रद्द.

रुपराव : साहेब भडकतीन.

चारुशीला : भडकू देत. सही माझी लागते.

रुपराव : मग एक ऐका, मॅडम. नळी हिसकल्याचं लिहू नोका. हवा बंद झाली, गाळ होता, तेवढ्यानं काम होते. बाकीच्याची गरज नाही.

भैयाजी : गरज आहे, गा. ते नाही लिहिलं तर तू बिनहवेचा नव्वद फूट कसा वर आला, ते कोणाले कधीच कळणार नाही.