प्रयागबाईंची मोरी आणि अंकुश गवंड्याचा होकार

या मायबाप, पुढं सरका. खांबाआड बसलेल्यांना माझं तोंड दिसत नाही, आणि मला त्यांची झोप दिसत नाही!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दिलेला शब्द पाळणं अवघड, की 'मला हे जमत नाही' असं म्हणणं अवघड? लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

करमाळ्यात प्रयागबाई सरडे म्हणून एक बाई. सगळी नोकरी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत गेली. नवरा भानुदासराव, शिवणकाम करणारा, अबोल माणूस. इतका लाजाळू, की गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतानासुद्धा नजर टेपवर! हे भानुदासराव दुकानाच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं — आता उकिडवं बसायचं नाही. घरात कमोड पाहिजे.

घरात कुठला कमोड? जुनं भांडं, जमिनीलगतचं. म्हणून लेकीनं वडिलांना दौंडला आपल्या घरी नेलं; तिच्याकडे कमोड होता. ठरलं असं, की प्रयागबाईंनी काम उरकून घ्यायचं आणि मग भानुदासरावांना घरी आणायचं.

काम उरकून घ्यायचं! मंडळी, घराची दुरुस्ती तुमच्यापैकी कोणी काढली आहे? हसू नका, तुमच्या चेहऱ्यांवरूनच कळतंय.

कोणीतरी अंकुश गवंड्याचं नाव सांगितलं. तरणा, गोड बोलणारा. आला, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. प्रयागबाई म्हणाल्या, "बाबा, मालकांना घरी आणायचंय. जमेल ना तुला?"

"जमेल की बाई. गुरुवारी भांडं बसलेलं आसंल."

जुनं भांडं फोडलं, फरशी उखडली, खड्डा केला. त्यात डोकावून बराच वेळ बघत बसला. "सामान घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. गेला तो गेलाच!

गुरुवार आला, अंकुश आला नाही. फोन केला, तर "आलोच बाई, वाटंत हाय." आणि मागून कोंबड्यांचा आवाज, टीव्हीचा आवाज, बायको कुणाला तरी ओरडतेय. अशी कुठली वाट असते हो, जिच्यावर टीव्ही लावलेला असतो?

बाई रोज बादली उचलून शेजारणीकडे जायच्या. दुसरा गवंडी बोलावला. त्यानं खड्डा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दुसऱ्यानं उघडलेलं काम मी हातात घेत नाही. उद्या गळलं तर नाव माझं." तिसरा आला, चहा प्याला, टेप लावून सगळं मोजलं, "कळवतो" म्हणाला. अजून कळवतोय.

इकडे दौंडहून रोज संध्याकाळी भानुदासरावांचा फोन. "झालं का गं?" बाई म्हणायच्या, "होतंय."

एक दिवस लेकीचा फोन आला. आवाज दबका. "आई, अण्णा जेवत नाहीत गं. अर्धी भाकरी खातात आणि ताट सारतात. काल कळलं मला. जावयाच्या घरात सारखं कुणाला तरी धरून न्यायला सांगावं लागतं ना, त्याची लाज वाटते. जायला लागू नये, म्हणून खातच नाहीत."

प्रयागबाईंनी फोन ठेवला. मंडळी, माणूस कशासाठी उपाशी राहतो? कोणी उपासाला, कोणी रागाला. हा माणूस लाजेपायी उपाशी राहत होता. आपल्या घरी, आपल्या दाराला आतून कडी लावून बसता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

बाईंनी पदर खोचला, रिक्षा केली आणि सकाळीच अंकुशचं घर गाठलं. बाई दिसताच अंकुश मागच्या दारानं पसार. बायको पुढं आली, "घरी न्हाईत."

बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बसते. वाट बघणाऱ्या माणसांतच माझा जन्म गेलाय." आणि ओट्यावर बसल्या.

ऊन चढलं. अंकुश मागं न्हाणीच्या आडोशाला उभा! किती वेळ उभा राहणार? शेवटी आला पुढं, मान खाली घालून. आता तुम्हाला वाटेल, बाईंनी त्याची खरडपट्टी काढली. रिक्षात सगळी तयारी केलीच होती त्यांनी. पण त्याचा चेहरा बघितला आणि आवाज निघाला तो वेगळाच.

"अंकुश, खरं काय ते सांग. का येत नाहीस?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "बाई, खाली जुना चिनी मातीचा पाइप हाय. फुटलाय, आन् उतार उलटा. मी भिंतीचा मानूस. कमोड मी कधी बसवलाच न्हाई."

"मग हो कशाला म्हणालास?"

"तुमी म्हनला, मालकांना घरी आनायचंय. तोंडातून 'न्हाई' निघंना."

ज्याला प्रयागबाई लबाड म्हणत होत्या, त्यानं त्यांची कीव येऊन शब्द दिला होता. पण त्या किवेपायी तिकडे एक म्हातारा उपाशी होता!

बाई म्हणाल्या, "हे बघ, मी खिडकीत बसायचे. गाडी रद्द झाली असं सांगितलं, की माणूस दोन शिव्या देतो आणि दुसरी गाडी बघतो. 'येतेय, येतेय' सांगितलं, की तिथंच वाळत बसतो. तू मला वाळवलंस रे. आता नाही म्हण. तोंडानं म्हण."

"मला येत न्हाई, बाई."

म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. किती दिवस आवळून धरले होते कोणास ठाऊक.

"बरं. मग कोणाला येतं?"

अंकुशनं नजर दुसरीकडे वळवली. आतून बायकोच बोलली, "माज्या भावाला येतं की. बिभीषणला."

रामायणातला नव्हे, मंडळी! हा जेऊरचा बिभीषण, नळकाम करणारा. पण दाजी-मेहुण्याचं बोलणं बंद. का? तर एका लग्नाच्या पंगतीत तो चारचौघांत म्हणाला होता, "दाजीला नुसती थापी फिरवता येते." झालं! तेव्हापासून दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलायचे.

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

"बाई, त्याला कसं..."

"आत्ता मला सांगितलंस ना? तसंच."

अंकुशनं फोन लावला. घसा खाकरला. "बिभीषण, मी बोलतोय. एक काम घेतलंय. मला जमंना. येशील का?"

बायको दाराची चौकट धरून उभी.

मग पलीकडून आवाज आला, "भांडं कुठल्या कंपनीचं हाय?"

पाहा! माफी नाही, मानपान नाही, मागचं काही उकरणं नाही. भांडं कुठल्या कंपनीचं हाय! नातं जुळायला एवढं वाक्य पुरलं.

दुसऱ्या दिवशी दोघं हजर. बिभीषणनं पाइप बदलला, उतार धरला, भांडं बसवलं. अंकुशनं फरशी अशी घातली, की पाणी थांबायला जागा नाही. आणि बाईंनी सांगितलं नसतानाही त्यानं भिंतीत स्टीलचा दांडा बसवला, म्हाताऱ्याला धरून उठायला. सिमेंट वाळल्यावर स्वतः दांड्याला लोंबकळून बघितलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, दांडा टिकंल, पन भिंत?" अंकुश म्हणाला, "भिंत माजी हाय." आणि दोघं हसले.

भानुदासराव घरी आले. वॉकर टेकत आत गेले. दार लावलं. आतून कडी वाजली. बाहेर प्रयागबाई, लेक, अंकुश, बिभीषण, सगळे उगाच इकडेतिकडे बघतायत. बराच वेळ गेला. कडी निघाली. भानुदासराव दारात उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "भूक लागलीय. भाकरी टाक."

त्या दिवशी त्यांनी पोटभर खाल्लं हो.

आता माझं गाऱ्हाणं तुमच्याशी. गवंड्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण 'या दिवाळीला नक्की येतो' असं आईला कोण सांगतं? 'तुझं काम माझ्या लक्षात आहे' असं मित्राला कोण सांगतं? आपण प्रेमापोटीच हो म्हणतो, आणि मग तोंड चुकवत फिरतो. तिकडे कोणीतरी आपल्या होकारावर विसंबून अर्धी भाकरी खातंय. आणि दुसरी बाजूही बघा. आपल्या घरात कोणी 'मला येत नाही' म्हणालं, तर 'बरं, मग कोणाला येतं?' असं विचारतो, की अंगावर वस्सकन् जातो आपण?

देवापुढं तरी खोटा होकार देऊ नका. 'देवा, एवढं माझ्याच्यानं होत नाही' असं म्हणा. तो रागवायचा नाही, कोणाला तरी सोबतीला धाडील. आणि उद्या सकाळी कोणाच्या दारात जायचंय, ते तुमचं तुम्हाला आत्ता आठवलंच असेल.

तोवर टाळ घ्या हातात, आणि त्याचं नाव घ्या — मोठ्यानं!