खुकु पिशीचा शंख आणि फाईलचं शेपूट

...आणि वर मलाच ऐकवतात, 'एवढी शिकलीस, दिवसभर कॉम्प्युटरवर टकटक करतेस, आणि एक फाईल बदलता येत नाही?' अहो, फाईल बदलायची म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, हा काढला, तो घातला? ऐकवणारे कोण, तर न्याडा जेठू! माझे मोठे काका. विजेच्या ऑफिसातून रिटायर झाले. तिथे सच्चिदानंद हालदार म्हटलं की शिपाई बिडी विझवायचे, आणि घरात? न्याडा. म्हणजे टकलू. डोक्यावर अजून भरघोस केस आहेत हो, पण लहानपणी उवा झाल्या म्हणून एकदा चकोट केला होता, तेव्हा जे नाव चिकटलं ते चिकटलं. आमच्या बंगाली बेहाला वस्तीत हे असंच. कागदावर एक नाव, घरात दुसरं, आणि दोघांची जन्मात गाठ पडत नाही. म्हणून तर जेठूंचं ठाम मत, की नाव बदललं की अख्खा माणूस बदलतो, मग फाईल काय चीज आहे! 'नाव बदल, काम झालं!'

पण थांबा, शंखाचं राहिलंच.

माझी खुकु पिशी. पिशी म्हणजे आत्या. खुकु म्हणजे छकुली. वय वर्षं त्रेसष्ट! शिवणाच्या क्लासमध्ये निम्म्या आळीला ब्लाउज शिकवला, पण आजही पाव आणायला निघाली की बेकरीवाला ओरडतो, 'काय गं खुकु, आज उशीर?' तर ही छकुली शंख फुंकते. आणि कसा फुंकते म्हणून सांगू... एक श्वास, एकच, आणि तो आवाज असा निघतो, निघतो, निघतच राहतो, गल्लीतली कुत्री आधी भुंकतात, मग गप्प होतात, मग बसून घेतात! मानलं बाई!

आता आमच्या दुर्गापूजेच्या क्लबात दरवर्षी शंखाची स्पर्धा. आणि तीन वर्षं लागोपाठ बक्षीस कुणाला? समोरच्या पुतुल काकीमाला. गेल्या वर्षी तर एका सेकंदाने! तेव्हापासून पुतुल काकीमा रोज संध्याकाळी गच्चीवर येते, आमच्या खिडकीकडे तोंड करते, आणि फुंकते. रोज! पिशी आत बसून भाजी चिरते, फक्त दुधी जरा बारीक चिरला जातो.

यंदा क्लबाने नवीन टूम काढली. व्हिडिओ ऑनलाइन पाठवा, पंचमीला संध्याकाळी पाचपर्यंत, फाईल एमपी फोरच पाहिजे, काटछाट केलेली चालणार नाही. आणि इकडे पिशीचे पुढचे दोन दात! दोन महिने हलताहेत, ठणकताहेत, पण बाई काढू देईना, 'शंख होऊ दे, मग काय ते उपटा.' डॉक्टर म्हणाला, पंचमीला दुपारी या, नाहीतर मी जातो पुरीला, थेट कोजागरीनंतर भेटू. झालं! सकाळी शंख, दुपारी दात, असं ठरलं. सकाळी पिशी लाल काठाची साडी नेसून उभी राहिली, आणि फुंकला. एक मिनिट सात सेकंद! दात हलताना दिसत होते हो, अक्षरशः दारासारखे लकलकत होते, पण श्वास तुटला नाही. पुतुल काकीमाचा विक्रम एक मिनिट तीन!

आणि हे सगळं शूट कशावर केलं? माझ्या फोनवर? छे! जेठू म्हणाले, 'फोन बोलायला असतो.' त्यांनी कपाटातून पंधरा वर्षांपूर्वीचा हँडीकॅम काढला, फडक्यात गुंडाळलेला, लग्नाच्या शालूसारखा. दुपारी पिशी दात काढून आली, तोंडात कापूस, मी फाईल उघडते तर नावामागे शेपूट काय, एमटीएस! क्लबाचा फॉर्म म्हणतो, ही चालणार नाही.

वाजले होते साडेतीन. पुन्हा फुंकायचा म्हटलं तर दात डॉक्टरच्या बशीत!

जेठू पुढे सरसावले. 'सरक.' दोन बोटांनी एमटीएस खोडलं, एमपी फोर टाइप केलं, चष्मा पुसला. 'नाव बदल, काम झालं.' मी म्हटलं, 'जेठू, नाव बदलून आत तेच आहे ना!' 'ऑफिसात मला कुणी न्याडा म्हणायची हिंमत केली होती? नाही ना? मग!' फाईल चढवली. फॉर्म म्हणाला, फाईल उघडत नाही. जेठू म्हणाले, 'फॉर्म खराब आहे.'

मग मी ऑनलाइन शोधलं. फाईल टाका, बटण दाबा, बदलून घ्या, अशा शेकड्याने साइटी! पहिली एकदम देखणी, जांभळी, हसरं ढगाचं चित्र. पाच मिनिटांत दिली बदलून. आम्ही सगळे बघतोय, पिशी फुंकतेय, फुंकतेय... आणि खटकन बंद! का? तर फुकटात एकच मिनिट. एक मिनिट! म्हणजे पिशीचे नेमके ते सात सेकंद कापले, ज्यांच्यासाठी बाईने दोन महिने ठणका सोसला! मी म्हटलं, पिशी, दोन तुकडे करते, मग जोडते, कुणाला कळणार नाही. पिशीने कापूस गालात सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं... 'टुफी, तुकड्यात फंख फुंकतात का गं?' दात गेल्यापासून तिचा प्रत्येक स आणि श, अगदी माझ्या नावातलासुद्धा, फ होऊन बाहेर पडत होता.

बरोबर आहे. मानलं!

दुसरी साइट. हिने पूर्ण एक मिनिट सात सेकंद दिले, इमानदारीत, पण आवाज कुठाय? आवाजच नाही! चित्रात पिशी गाल फुगवून उभी, डोळे बाहेर, चेहरा टोमॅटो, आणि सगळं चिडीचूप! जेठू म्हणतात, 'हे शंखाचं वाटत नाही, हे बद्धकोष्ठाचं वाटतंय.' पिशी हसली, मग तोंड धरून कळवळली, मग पुन्हा हसली. मला मात्र रडू येत होतं. सव्वाचार!

तिसरी साइट... काय सांगू तुम्हाला! दिसायला अगदी सरकारी नोटिशीसारखी. राखाडी. ना ढग, ना हसू. मधोमध एक बटण आणि तळाला एक ओळ, 'काही बिघडलं तर लिहा, मी कामावरून आल्यावर बघतो.' एवढंच! कोण असेल हो तो माणूस? कुठल्या देशातला, कामावरून येतो, चहा घेतो आणि अनोळखी लोकांच्या फाईली सुधारत बसतो? ना नाव, ना फोटो! मी फाईल टाकली. पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. तीस. सत्तर. नव्वद. नव्व्याण्णव... आणि थांबली.

चार एकोणचाळीस.

पट्टी हलेना. जेठू म्हणाले, 'थोबाडीत मार.' मी म्हटलं, 'जेठू, लॅपटॉप आहे, रेडिओ नाही!' आणि पिशी खुर्ची ओढून पुढे आली, स्क्रीनला नाक टेकेल इतकी, आणि हळूच म्हणाली, 'दम फंपलाय बिचाऱ्याचा. फेवटचं हेच कठीण अफतं.' मग पट्टीकडे बघून, जसं मला लहानपणी शिकवायची तसं, 'गालातून नको रे बाळा. पोटातून. पोटातून ओढ!' हसू नका! खोलीत कुणीही हसलं नाही. आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो, आणि खरं सांगते, त्या तिघांत सगळ्यात जास्त टिकली पिशीच.

शंभर!!

लावली. चित्र आहे, आवाज आहे, पूर्ण एक मिनिट सात! आवाज एवढा मोठा की समोरच्या गच्चीवरून पुतुल काकीमा, 'अगं खुकु! दात काढलेस ना गं? मग हे फुंकतंय कोण?' पिशीने खिडकी लावून घेतली. हळूच. वर्षभरात पहिल्यांदा.

मी फॉर्म भरला. पूर्ण नाव, निभाननी हालदार. पाठवला. चार बावन्न. मानलं त्या माणसाला, कोण असेल तो!

आता संपलं ना? कुठलं संपतंय!

सप्तमीची संध्याकाळ, मांडवात मुंगी शिरायला जागा नाही, मी एग रोलच्या रांगेत. माईकवर क्लबाचे सेक्रेटरी, 'शंख, प्रथम क्रमांक, निभाननी हालदार!' कुणी उठेना. पुन्हा, 'निभाननी हालदार!' पिशी शेजारणीला विचारतेय, 'ही कोण गं? भाग्यवान आहे.' अहो, बाई चाळीस वर्षं सही करते 'एन. हालदार'! पूर्ण नाव कुणी कधी मोठ्याने उच्चारलंय? आणि जेठू, सख्खे भाऊ, खुर्चीवर उभे, 'लबाडी! बाहेरची बाई आणली! आमच्या आळीत असली कुणी राहत नाही!' सेक्रेटरी घाबरला, पुतुल काकीमा बक्षीस आपलंच समजून पदर सावरून उठायलाच लागली!

मी रोल टाकला आणि धावले. 'जेठू! अहो, आपली पिशी ती! ही खुकु म्हणजेच निभाननी!' पिशी छातीवर हात ठेवून, 'मी?'

जेठूंनी माझ्याकडे पाहिलं. पिशीकडे पाहिलं. मग शांतपणे मंचावर चढले, सेक्रेटरीच्या हातातला कागद घेतला, खिशातून पेन काढलं, निभाननी खोडलं आणि लिहिलं, खुकु. 'आता पुकार.'

'प्रथम क्रमांक, खुकु!!'

आणि मांडव उठला हो! बेकरीवाला, डॉक्टरचा कंपाउंडर, ब्लाउज शिकलेल्या सगळ्या बायका जीभ हलवून मंगल उलूध्वनी काढताहेत, पुतुल काकीमासुद्धा टाळ्या वाजवतेय, आणि माझी पिशी दोन दातांच्या फटीतून अशी हसतेय, अशी हसतेय...

आणि जेठू? मंचावरून उतरले, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, 'बघ. पंचमीलाच सांगत होतो.'