पंचावन्न कुलपं आणि कुंदनचा दाखला

१. गुरुवार, अठरा एप्रिल १९९६. शाळेकडून पोलीस चौकीत गैरहजर मुलांची छप्पन्न कार्डं गेली.
२. जमादार छगनभाई छप्पन्न दारांशी गेले. पंचावन्न दारांना कुलपं होती.
३. छप्पन्नावं दार उघडं होतं. त्या घरातला मुलगा शेजारच्या बंद दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने काढत होता.
४. कार्डांची पद्धत मी आखली होती.

सन्माननीय अध्यक्ष फौजदार देसाईसाहेब, मुख्याध्यापिका महालेबाई, आमच्या वस्तीच्या मंडळाच्या धुरपदाबाई, सत्कारमूर्ती छगनभाई, आणि रविवारची झोप मोडून आलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार. आधी घटना आणि मग नमस्कार, हा क्रम चुकला आहे. पलसाण्याच्या डाइंग मिलमधल्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथली ही सवय.

पद्धत सोपी होती. मूल तीन दिवस आलं नाही की शाळेने कार्ड भरायचं. धुरपदाबाईंनी घरी जाऊन चौकशी करायची. चोवीस तासांत त्यांचं उत्तर आलं नाही, तर कार्ड चौकीत. मुलं वाईट संगतीला लागण्याआधी शाळा, मंडळ आणि चौकी या तिघांना कळावं, एवढाच हेतू. कागदावर मला त्यात एकही दोष दिसला नव्हता.

दोष कुठे होता? वीस तारखेला आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, होती. आपली अख्खी खानदेशी वस्ती सणाला गावी गेलेली. धुरपदाबाई गावी. आणि ही पद्धत आखणारी मी त्या गुरुवारी पारोळ्याजवळ आमच्या गावी झोक्यावर बसले होते. परत आल्यावर महालेबाईंना विचारलं, तुम्हांला आखाजी ठाऊक नव्हती का? त्या शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक होती. तुमच्या कागदावर नव्हती."

छगनभाईंनी मात्र मला एका वाक्यात सोडलं. "बेन, तुमच्या पंचावन्न कुलपांना नमस्ते करून आलो."

आता छप्पन्नाव्या घराबद्दल. मुलाचं नाव कुंदन. त्याच्या आईला, मंगलाबाईंना, विचारूनच ते घेते आहे. मी म्हटलं होतं, नाव गाळू का? त्या म्हणाल्या, "नाव ले ना ताई. वाईट समदास्ले मालूम शे, चांगलं बी मालूम पडू दे."

शेजारच्या सुपडूभाऊंच्या बंद खोलीतला टीव्ही काढायचा बेत दोन मोठ्या मुलांचा. ती दोघं रिक्षा घेऊन कोपऱ्यावर उभी होती आणि खाकी दिसताच पसार झाली. कुंदन हातात कडी घेऊन तिथेच राहिला. चारही स्क्रू त्याने खिशात नीट ठेवले होते.

छगनभाई त्याला चौकीत नेऊ शकले असते. त्यांनी त्याला शाळेत नेलं, महालेबाईंसमोर बसवलं आणि सुपडूभाऊ गावाहून येईपर्यंत नाव फक्त स्वतःच्या वहीत ठेवलं. आखाजीनंतरच्या शनिवारी बैठकीत शाळा, मंडळ आणि चौकी एकत्र बसली. सुपडूभाऊंनी तक्रार केली नाही. अट एकच, काढणाऱ्यानेच कडी बसवायची. सगळ्या गल्लीसमोर त्याने ती बसवली. सुपडूभाऊ अजून कुरकुरतात, "एवढी घट्ट ठोकली पोऱ्यानं, माझंच दार मला उघडंना."

सात आठवडे झाले. सुट्टीत कुंदनने शाळेची एकवीस बाकं दुरुस्त केली. मी प्रत्येक बाक हलवून पाहिलं. वीस उत्तम. एक किंचित डुलतं, पण त्यात फरशीचा दोष आहे.

छगनभाई, निवृत्तीच्या दिवशी माणसाला शाल देतात आणि त्याचं काम विसरतात. तुमचं काम विसरणं आम्हांला परवडणारं नाही. तुम्ही दार ठोठावताना काठी बाहेर भिंतीला टेकवून ठेवायचात, हे या वस्तीतल्या बायकांनी मला सांगितलं. कुठल्या नियमात ते लिहिलेलं मला सापडलं नाही.

आता एक अडचण. उद्या तुमची वही, कुंदनच्या नावासकट, चौकीत जमा होईल. कुंदनचा आयटीआयचा अर्ज भरून तयार आहे. मुदत सोमवारी, सतरा तारखेला संपते. त्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर सही करायला महालेबाई तयार आहेत, पण खोटं लिहायला तयार नाहीत. त्यांना चौकीकडून एक ओळ हवी, की त्याच्याविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही. नोंद नाही हे खरं आहे. उद्या त्या वहीवरून कोणी ती केली, तर दाखला नाही आणि प्रवेशही नाही.

हॉलसाठी शाळेचे, चहासाठी मंडळाचे आणि इतकी वर्षं दिल्याबद्दल छगनभाईंच्या घरच्यांचे आभार. आखाजी आता पद्धतीत घातली आहे. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, तर तीही माझीच चूक समजावी आणि मोठ्या मनाने माफ करावं.

देसाईसाहेब, कुंदनबाबत चौकीचं लेखी उत्तर महालेबाईंकडे शनिवार, पंधरा जूनपर्यंत पाठवावं, ही विनंती.