कागदाची वाटी

दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या खिडकीसमोर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

“आजोबा, चहा पुन्हा शर्टावर सांडला.”

“हे हात जावयासारखे झालेत गं. एवढे थरथरतात, पण काही बोलायची सोय नाही.”

“मग रविवारी पॉपकॉर्नला कागदाच्या वाट्या कोण करणार?”

“आण तो चौकोनी कागद इकडे. आधी अशी तिरकी घडी. हा कोपरा त्या कडेला, नखाने दाबायचा. दुसरा त्याच्यावरून. आता वरचं टोक हळूच आत खोचू.”

पुढचा नंबर त्यांचाच होता. बाई बघत राहिल्या, पुकारायचं राहूनच गेलं.

“आजोबा, तुमचा हात थरथरत नाहीये.”

“हळू बोल. त्याला कळेल.”