लोखंडी कढईतला भात

मार्च १९७९, सकाळचे साडेनऊ. वसईतल्या एका दवाखान्यात विनीचं रक्त तपासायला घेतलं आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारी तिची आई इझाबेल होती. समोर चांदीप गावाहून आलेली भागूबाई आणि तिच्या शेजारी, नंबराची वाट बघत, मी.

"पोरीला काय झालं, बाय?"

"रक्त कमी आहे, मावशी. नर्सिंगला निवड झालीय, पण रक्त भरल्याचा रिपोर्ट पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधी द्यायचाय."

"मग कलेजी घाल ना तिला."

"हिनं उपवासकाळात मांस-मासळी सोडलीय. देवाला शब्द दिलाय म्हणते."

"दिलाय तो दिलाय, मम्मा."

"ऐकलंत? म्हणून रोज टमाट्याचा भात करते, लसूण-मिरची आणि बाटलीतला मसाला घालून. डॉक्टर म्हणाले, लोखंडी कढईत शिजवा. आंबटानं लोखंड उतरतं, ते रक्ताला लागतं."

"आंबट नि लोखंडात? काळा पडत असंल."

"पडतो ना. उपवासाच्या पहिल्या बुधवारी आम्ही कपाळाला राख लावतो, तर हिचे पप्पा म्हणतात, आपल्याकडे रोजच राखेचा बुधवार."

"आनि ही खाते?"

"दोनदा मागून घेते मी, मावशी. तिसऱ्यांदा मम्मा न मागता वाढते."

"आनि रक्त नाय भरलं तर?"

"तर आज दुपारीच फादरांकडे जाते. आजाऱ्याला उपवासातून सूट असते."

"फादर देतील गं, मम्मा. मी घेणार नाही."

"बघू या."

"बघ."

आतून निरोप आला की रिपोर्ट चारनंतर मिळेल. भागूबाईचा नंबर लागला. मी निघालो तेव्हा मायलेकी बाकावरच होत्या.