अकरा वेळा थांबवलेल्या बाई

फिजीतल्या लंबासा गावात बसच्या रांगेत गणिताच्या वासिती बाईंच्या पुढेच त्यांच्या वर्गातल्या लितिया आणि केलेरा पाठमोऱ्या उभ्या होत्या. रेकॉर्ड केलेला धडा घरी फोनवर बघायचा आणि गणितं वर्गात सोडवायची, ही बाईंची नवी रीत मुलींच्या गळी उतरत नव्हती. बाई ती सोडूनच देणार होत्या.

"लितिया, मग बाई वर्गात काय करणार? झोपणार?"

"झोपायचं काम तुझं आहे, केलेरा."

"तू बघितलास धडा?"

"बघितला. बाईंना अकरा वेळा थांबवलं."

"वर्गात तर तुझं तोंड उघडत नाही."

"वर्गात सगळे हसतात. फोनवर बाई निमूट मागे जातात."

"आणि कळलं?"

"नवव्या वेळी कळलं. पुढे दोनदा नुसती गंमत म्हणून थांबवलं."

बस आली, मुली चढल्या. वासिती बाई मात्र पुढचा धडा रेकॉर्ड करायला शाळेकडे परतल्या.